चालूच होत्या की गोळ्या: सिडकोतल्या एका खानावळवाल्या मावशींचं प्रकरण

नाशिकमधल्या एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात मी मधुमेहाच्या पेशंटशी बोलायचं काम करते. डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहितात आणि म्हणतात, "बाहेर ताईंशी बोलून जा." ती ताई मी. आहार, गोळ्यांच्या वेळा, पायांची काळजी, घरच्यांची समजूत, सगळं माझ्या टेबलावर येतं.

खालचं प्रकरण ज्यांचं आहे, त्यांना मी ते वाचून दाखवलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गल्लीत सगळे त्यांना मावशी म्हणतात, म्हणून इथेही मावशीच. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: "चाळीस डबे लिहिलंय तुम्ही, चव्वेचाळीस आहेत."

## पार्श्वभूमी

मावशींचं वय ५८. सिडकोत राहत्या घरातच खानावळ चालवतात. नवरा गेल्यावर पाच डब्यांवर सुरू केलेली, आता चव्वेचाळीस डब्यांची. अंबड आणि सातपूर एमआयडीसीत कामाला असलेली पोरं, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी आणि एकटे राहणारे दोन आजोबा, एवढं गिऱ्हाईक.

मावशी पहाटे साडेचारला उठतात. सात वाजता चहा आणि दोन खारी. साडेदहाला मुलगा पहिली खेप गाडीवर घालून निघतो, साडेअकराला दुसरी. मग भांडी, मग घरी येऊन जेवणारे पाच-सहा जण. मावशींच्या स्वतःच्या पोटात पहिला धड घास जातो तो अडीच-तीन वाजता. रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाला. हे वेळापत्रक लक्षात ठेवा. आम्ही ते चार वर्षं विचारलंच नव्हतं.

मधुमेह अकरा वर्षांचा. आधी नुसतं मेटफॉर्मिन होतं. चार वर्षांपूर्वी त्याजागी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी आली, सकाळ-संध्याकाळ एकेक. या दोन औषधांचा स्वभाव वेगळा आहे. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करतं आणि एकटं असेल तर शुगर सहसा धोकादायक खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ते दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणासोबत घ्यायचं असतं. आमच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "नाश्त्याबरोबर". मावशींच्या भाषेत नाश्ता म्हणजे चहा-खारी.

तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, आधी ८.३ आली, मग ८.८, मग ९.१. डॉक्टरांनी गोळीतलं ग्लिमेपिराइड एक मिलीग्रॅमवरून दोन केलं. कागदावर पाहिलं तर यात काही चूक नाही. केसपेपरवर त्या दिवशीची नोंद आहे: "गोळ्या नियमित. पथ्य पाळत नाही." दुसरं वाक्य माझ्या अक्षरात आहे.

## सिन्नरची रात्र

डोस वाढवल्यानंतर दोन महिन्यांनी मावशी नातीच्या बारशाला सिन्नरला मुलीकडे गेल्या. खानावळ पाच दिवस बंद. मुलगी आईच्या तब्येतीबाबत काटेकोर. तिने पहिल्याच दिवशी गोळ्यांचं पाकीट आणि आमची चिठ्ठी ताब्यात घेतली. सकाळी नाश्त्याला एक, रात्री जेवायला बसताना एक, पाण्याचा पेला हातात देऊन. जेवणही वेळेवर, बेताचं, गोड वर्ज्य.

तिसऱ्या रात्री तीनच्या सुमारास मुलीला जाग आली ती आईच्या बडबडीने. मावशी अंथरुणात बसून डबे मोजत होत्या. अंग घामाने चिंब, हात थंड. "आई, अगं काय करतेस?" तर ओळख नाही. जवळच्या रुग्णालयात नेलं तेव्हा शुगर ४१ होती. ७० च्या खाली गेली की आपण तिला कमी म्हणतो, त्यामुळे ४१ म्हणजे बराच खोल खड्डा. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर वीस मिनिटांत त्या भानावर आल्या. पण या जातीच्या गोळीमुळे उतरलेली शुगर सलाईन काढल्यावर पुन्हा उतरू शकते, म्हणून दीड दिवस ठेवून घेतलं. डिस्चार्ज कार्डावर शेरा होता: "औषधे वेळेवर घेणे."

मुलीने मला फोन केला तेव्हा ती रडत होती. "मी वेळेवर दिल्या हो ताई. एकही चुकवली नाही."

एकही चुकवली नाही हीच तर गोष्ट होती.

डॉक्टर आणि मी दुसऱ्या दिवशी केसपेपर उघडून बसलो. सरासरी ९.१ म्हणजे रक्तातली साखर दिवसरात्र धरून साधारण २१५ च्या आसपास. अशा बाईची शुगर त्याच गोळ्यांवर तिसऱ्या दिवशी ४१ होते कशी? मूत्रपिंड बिघडलं तर हे औषध अंगात साठतं, पण क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, नीट होती. सिन्नरला जेवण कमी पडलं असंही मुलगी म्हणत नव्हती. मग एकच शक्यता उरते, ती म्हणजे घरी असताना त्या गोळ्या जात नव्हत्या. आणि आम्ही न जाणाऱ्या गोळ्यांचा डोस वाढवत होतो.

## पहिला निर्णय, जो माझा होता आणि चुकला

मी मावशींना न विचारता मुलाला फोन केला. आई गोळ्या चुकवते असं दिसतंय, लक्ष ठेवा म्हणून सांगितलं. त्या क्षणी यात काही वावगं वाटलं नाही. घरच्यांना सामील करून घ्या, असं आमच्या प्रशिक्षणात शिकवतातच.

मुलगा चांगला आहे, पण घाबरलेला होता. त्याने गोळ्यांचा सात खणांचा डबा आणला, रोज सकाळी समोर उभं राहून गोळी गिळायला लावली आणि गुळाची ढेप कपाटात कुलपात ठेवली. खानावळीच्या स्वयंपाकघरात गूळ कुलपात! आमटीला गूळ लागला की मुलाला हाक मारायची. पोळ्यांना येणाऱ्या बाईंदेखत हे चालायचं.

मावशी पुढच्या तारखेला आल्या नाहीत. फोन केला तर "येते की", एवढंच. पाच आठवडे त्या फिरकल्या नाहीत. त्या काळात त्यांनी काय केलं ते पुढे कळलं. समोर गिळल्याचं दाखवून गोळी जिभेखाली ठेवायच्या आणि मुलगा गाडी काढायला गेला की मोरीत टाकायच्या. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलं आहे की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराची औषधं सांगितल्याबरहुकूम घेणाऱ्यांचं प्रमाण सरासरी निम्मं आहे. हा आकडा मला तोंडपाठ होता, प्रशिक्षणाच्या परीक्षेत लिहिलाही होता. तरी समोर बसलेल्या हसऱ्या बाईला मी बिनदिक्कत घेणाऱ्या निम्म्यात धरत होते. सिन्नरनंतर तितक्याच बिनदिक्कत तिला दुसऱ्या निम्म्यात टाकलं, आणि मध्ये एकदाही विचारलं नाही की, मावशी, का?

## वहीचं शेवटचं पान

सहाव्या आठवड्यात मी स्वतः गेले. सकाळी साडेनऊला, मुद्दाम. डॉक्टर म्हणाले होते दुपारी जा, तेव्हा मोकळ्या असतात. पण मला मोकळ्या मावशी बघायच्या नव्हत्या.

ओट्यावर दोन मोठी पातेली, पालकाची भाजी आणि वरण. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून चव्वेचाळीस डबे उघडे मांडलेले. मावशी डावात भाजी घेऊन ओळीने टाकत होत्या, न बघता, आणि प्रत्येक डब्यात तेवढीच पडत होती. मला म्हणाल्या, "बसा, पण बोलायला लावू नका, मोजणी चुकते." दहाला त्यांनी थांबून कपाळ पुसलं. गुळाचा लिंबाएवढा खडा पदराच्या गाठीतून निघाला, तोंडात गेला. कुलपाला ही पळवाट होती.

"आत्ता बरं वाटत नाहीये का?"

"नाही, बरं वाटतंय. वाटणार नाही अकराला. आधीच टाकून ठेवते."

दुसरी खेप गेल्यावर त्यांनी हिशेबाची वही काढली. पुढून डब्यांचा हिशेब, आणि वही उलटी धरून शेवटच्या पानापासून एक वेगळाच हिशेब. दीड वर्षाचा. ओळ अशी: "मंगळ. पालक. ४४. अ. गू." म्हणजे वार, भाजी, डब्यांची संख्या, गोळी अर्धी, गूळ खाल्ला. गोळी पूर्ण घेतली तर "पु", नाही घेतली तर नुसतं शून्य. डबे चाळीसच्या खाली असलेल्या दिवशी "पु" जास्त. सणाच्या दिवशी, ज्यादा ऑर्डर असली की शून्य. संध्याकाळच्या गोळीला रकानाच नव्हता. ती त्यांनी कधीच बंद केली होती. रात्री एकदा न्हाणीघरात पाय लटपटले होते म्हणून.

मी इतकी वर्षं पेशंटना सांगते आहे की शुगरची डायरी ठेवा. शंभरात दोघं ठेवतात. या बाईंनी ठेवली होती, आणि आमच्या छापील डायरीपेक्षा ती सरस होती, कारण तिच्यात कामाचा भार लिहिला होता.

"मावशी, हे आम्हाला का सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुणी? डॉक्टर म्हणतात, गोळ्या चालू आहेत ना? म्हटलं, चालू आहेत. चालूच होत्या की गोळ्या. बंद कुठं केल्या होत्या?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देते. "भाजीत मीठ जास्त पडलं तर आपण बटाटा टाकतो ना? गोळी जास्त झाली तर गूळ टाकायचा. आणि डबे जास्त असले तर मीठच कमी घालायचं. चक्कर येऊन पडले तर चव्वेचाळीस लोक उपाशी. शुगर वाढली तर मी एकटी. मग कुठलं सांभाळायचं?"

त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्या गोळी चुकवत नव्हत्या, गोळी चालवत होत्या. आमच्याकडून दिसणारा बेशिस्तपणा हा आतून बघितल्यावर एक नियम होता. फक्त त्या नियमात दोन भोकं होती, आणि ती त्यांना दिसण्यासारखी नव्हती.

पहिलं भोक जोडगोळीचं. चक्कर आणणारं औषध ग्लिमेपिराइड, पण ते मेटफॉर्मिनला चिकटलेलं. चक्कर टाळायला गोळी सोडली की निरुपद्रवी मेटफॉर्मिनही सुटायचं. त्यातून अशा गोळ्यांत मेटफॉर्मिन बहुतेकदा पोटात हळूहळू विरघळणारं असतं, ती गोळी सहसा मोडायची नसते. मावशी ती विळीवर अर्धी करत होत्या.

दुसरं भोक गुळाचं. चक्कर आल्यावर साखर खाणं बरोबरच, पण येण्याआधीच लिंबाएवढा खडा, तोही आठवड्यातून चार-पाच दिवस, म्हणजे शुगर वर. ती वर गेली की सरासरी वाढते, सरासरी वाढली की आम्ही गोळी वाढवतो, गोळी वाढली की खडा मोठा होतो. दीड वर्ष हे असं गोल गोल चालू होतं. एचबीएवनसी हा सरासरीचा आकडा, सकाळी ६० आणि दुपारी ३०० असली तरी तो मधलाच काहीतरी दाखवणार. त्याच्यात चक्कर दिसत नाही.

## समोर असलेले पर्याय

वहीच्या पानांचे फोटो मावशींच्या परवानगीने डॉक्टरांना दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हिला आधी विचारायला हवं होतं." मग मावशी, डॉक्टर आणि मी, तिघं बसलो. रविवारी, कारण रविवारी डबे नसतात. मुलाला बोलवायचं का, हे या वेळी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, शेवटी बोलवा.

मुलाचा पर्याय सगळ्यात सरळ होता: खानावळ बंद करायची. त्याचा पगार होता, घर चालण्यासारखं होतं. मावशींनी तो एका वाक्यात निकालात काढला. "मग ती शुगर कुणाची राहील, माझी का रिकाम्या बसलेल्या बाईची?" ज्युलिएट कॉर्बिन आणि अन्सेल्म स्ट्रॉस या दोन संशोधकांनी १९८५ मध्ये मांडलं होतं की दीर्घ आजार असलेला माणूस एका वेळी तीन कामं करत असतो: आजाराचं काम, रोजच्या संसाराचं काम, आणि मी कोण हे सांभाळण्याचं काम. आम्ही पहिल्या कामाला मार्क देत होतो. मावशी तिसऱ्या कामासाठी पहिल्याला वळण देत होत्या.

इन्सुलिनचा विचार डॉक्टरांच्या मनात होता. मला वाटलं मावशी सुईला घाबरतील. नाही. "सुईचं काय, रोज बोट कापतंय. पण शेजारीण घेते ना, घेतलं की अर्ध्या तासात जेवायचंच. माझा अर्धा तास माझा नसतो." शेजारणीचं इन्सुलिन मिश्र प्रकारचं होतं, जेवणाआधी घ्यायचं. रात्री एकदाच घ्यायचं, जेवणाला न बांधलेलं इन्सुलिनही असतं, हे मी समजावलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मग ते राखीव ठेवा." डॉक्टरांनाही ते पटलं. आधीची औषधं नीट पोटात गेलीच नव्हती, तेव्हा ती हरली असं कसं म्हणायचं?

लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांचाही विचार झाला. पण सकाळचे सहा तास शेगडीसमोर घाम गाळणारी बाई, काम सोडून जाता येत नाही म्हणून पाणी कमी पिणारी. अशा अंगात पाणी कमी पडण्याची आणि लघवीच्या जागी संसर्ग होण्याची भीती होती. ते बाजूला ठेवलं.

जेवणाची वेळ बदलायची हा पर्याय मला सगळ्यात सोपा वाटत होता आणि मावशींना सगळ्यात अवघड. "दहाला मी जेवायला बसले तर पहिली खेप साडेदहाला निघणार नाही." त्यावर बराच वेळ गेला. मग त्याच म्हणाल्या, "पंचेचाळिसावा डबा भरते. माझा. सगळ्यात आधी."

## काय केलं

जोडगोळी तोडली. मेटफॉर्मिन वेगळं, दोन वेळा, रोज, कुठल्याही परिस्थितीत. ग्लिमेपिराइड वेगळं, एकच मिलीग्रॅम, फक्त सकाळी दहाच्या डब्यासोबत. डबा खाल्ला नाही तर ती गोळी नाही, हा नियम त्यांच्याच वहीतून उचललेला. संध्याकाळचं ग्लिमेपिराइड बंद. त्याऐवजी सिटाग्लिप्टिन रोज एक. हे औषध शुगर चढलेली असतानाच मुख्यतः काम करतं, त्यामुळे खाली पाडण्याचा धोका बराच कमी. पेटंट संपल्यापासून ते परवडण्यासारखंही झालं आहे. हे सगळं मावशींची मूत्रपिंडाची तपासणी बघून त्यांच्यासाठी ठरलं. वाचून कुणी आपल्या चिठ्ठीत फेरफार करू नये.

गोळ्यांची संख्या वाढली, हे खरं. कमी गोळ्या म्हणजे सोपं औषध असं आम्हाला शिकवलेलं, म्हणून तर जोडगोळी दिलेली. मावशींना तीन सुट्या गोळ्या सोप्या वाटल्या, कारण आता कुठली धरायची आणि कुठली सोडायची हे त्यांच्या हातात होतं.

गुळाची जागा ग्लुकोजच्या पावडरीने घेतली. मसाल्याच्या फळीवर, हळदीशेजारी, स्टीलच्या डबीत. हातपाय कापायला लागले की तीन चहाचे चमचे पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. "आधीच टाकून ठेवायचं" नाही. गुळाचं कुलूप काढलं.

शुगर मोजायच्या पट्ट्यांवर घासाघीस झाली. मी दिवसातून चार वेळा, आठवडाभर म्हणत होते. मावशींनी पट्टीच्या किमतीला डब्याच्या नफ्याने भागलं आणि म्हणाल्या, "तीन दिवस. पण दिवस मी ठरवणार." त्यांनी सोमवार, एक ज्यादा ऑर्डरचा दिवस आणि रविवार निवडला. मी निवडले असते तर ओळीने तीन दिवस निवडले असते, आणि त्यातून काहीच कळलं नसतं.

शेवटी मुलाला आत बोलावलं. त्याचं काम मावशींनीच सांगितलं: गाडीच्या डिकीत ग्लुकोजची पुडी ठेवायची, मी घामाघूम होऊन बरळायला लागले तर काय करायचं ते शिकून घ्यायचं, आणि गोळी घेतली का हे विचारायचं नाही. तिसऱ्या कलमावर तो माझ्याकडे बघत होता. मी मान डोलावली.

## नवरात्र

दोन महिन्यांनी घट बसले. मावशी दरवर्षी नऊ दिवस उपवास करतात. आम्ही दरवर्षी नको म्हणतो, त्या "बरं" म्हणतात आणि करतात. या वेळी पितृपक्षातच त्या वही घेऊन आल्या. "उपवास करणार आहे. गोळ्यांचं काय करू ते सांगा."

डॉक्टर घुटमळले. नाही म्हणणं सुरक्षित होतं, डॉक्टरांसाठी. पण उपवास होणारच होता, आम्हाला कळून किंवा न कळता. त्यांनी नऊ दिवस ग्लिमेपिराइड बंद ठेवलं, बाकी दोन चालू. दिवसातून दोनदा शुगर. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर देवीची क्षमा मागून उपवास सोडायचा, हे कबूल करून घेतलं. साबुदाण्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी.

पाचव्या दिवशी संध्याकाळी फोन आला. "ताई, दोनशे अडुसष्ट." कुठून आली? शेजारणीकडचे साबुदाणावडे, चार. आधीच्या वर्षी असं झालं असतं तर मला तीन महिन्यांनी सरासरीतही नीट कळलं नसतं. काही केलं नाही, रात्री भगर कमी खा म्हटलं, सकाळी १५० होती. आठव्या दिवशी त्या वणीच्या गडावर गेल्या. ट्रॉली आहे, पण त्या पायऱ्यांनी चढल्या, पर्समध्ये ग्लुकोजची डबी घेऊन. वर पोचल्यावर ९२. हा आकडा त्यांनी वहीत लाल पेनाने लिहिला आहे.

## निकाल

बदलानंतर तीन महिन्यांनी एचबीएवनसी ८.२, सहा महिन्यांनी ७.६. नवव्या महिन्यात पुन्हा ७.९. लग्नसराईत ज्यादा ऑर्डरी होत्या आणि पंचेचाळिसावा डबा दोन-तीन वेळा नाही, चांगला आठ-नऊ वेळा ऐनवेळी आलेल्या गिऱ्हाइकाला विकला गेला. वहीत तसं लिहिलं आहे: "४५ विकला. गोळी नाही." नियम पाळला गेला होता, म्हणून चक्करही नव्हती. डॉक्टरांनी या वेळी डोस वाढवला नाही.

"गू" हे अक्षर आधी एका महिन्यात सतरा वेळा होतं. सहाव्या महिन्यात दोनदा, तेही ग्लुकोजचं "ग्लु". वजन दोन किलो उतरलं. मुलीने आईला पुन्हा सिन्नरला नेलं, या वेळी गोळ्या आईच्याच पिशवीत राहिल्या. पहिल्या रात्री आपण तीनदा उठून आईच्या कपाळाला हात लावून पाहिला, असं ती म्हणाली.

रात्रीच्या जेवणानंतरची शुगर अजून २०० च्या वर जाते. त्यावर काम बाकी आहे.

## वेगळं काय करता आलं असतं

सिन्नरची रात्र टळली असती का? मला वाटतं हो, आणि त्यासाठी मोठं काही लागलं नसतं. "गोळ्या चालू आहेत ना?" या प्रश्नाचं उत्तर होकारार्थीच येतं, प्रश्नच तसा घडवलेला आहे. आता मी विचारते, "मागच्या आठवड्यात किती गोळ्या उरल्या? आणि कुठल्या दिवशी?" उरणारच असं धरून विचारलं की माणूस सांगतो. डोस वाढवण्याआधी हा प्रश्न विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही, असं डॉक्टरांनी स्वतःवर बंधन घालून घेतलं आहे. गर्दीच्या संध्याकाळी ते पाळलं जातंच असं नाही.

केसपेपरवर एक ओळ वाढवली: "पहिला धड घास किती वाजता?" कारखान्यातले रात्रपाळीवाले, पहाटे मार्केट यार्डात जाणारे, द्राक्षबागेत छाटणीला सूर्य उगवायच्या आत पोचणारे मजूर, यांच्या उत्तरांनी आमच्या निम्म्या "नाश्त्याबरोबर"चा निकाल लावला.

मुलाला केलेल्या त्या फोनबद्दल डॉक्टर म्हणतात की रात्री ४१ झालेल्या बाईच्या घरच्यांना कळवणं भागच होतं. कळवणं भाग होतं, हे मान्य. पण कळवायच्या आधी मावशींना विचारायला एक मिनिट लागलं असतं, आणि मी मुलाला दिला तो सहभाग नव्हता, पहारा होता. पाच आठवडे एक बाई मोरीत गोळ्या टाकत होती, त्यातल्या मोठ्या भागाला मी जबाबदार आहे.

जिथे मी अजूनही साशंक आहे ती गोष्ट म्हणजे स्वतःच गोळी ठरवायची मुभा. मावशींना ती पेलली, कारण त्या चव्वेचाळीस जणांचं मीठ अंदाजाने सांभाळतात. मागच्या महिन्यात हीच पद्धत एका गृहस्थांना सांगून पाहिली, तर त्यांनी आठवडाभरात सगळ्याच गोळ्या "गरज वाटेल तेव्हा" घ्यायला सुरुवात केली. त्यांना पुन्हा छापील वेळापत्रक दिलं.

आणि डोळ्यांची तपासणी राहिली आहे. अकरा वर्षांच्या मधुमेहात पडदा दरवर्षी तपासायला हवा, मावशींचा तीन वर्षांत तपासलेला नाही. बाहुली मोठी करायला औषध टाकलं की काही तास धूसर दिसतं, म्हणजे त्या दिवशीची मोजणी चुकणार. रविवारी डबे नसतात. पण रविवारी डोळ्यांचा दवाखाना बंद असतो.